खानापूरचं मीठ

भावकू : ते आधी खाली ठेवा, वैनी. कुठलं आहे ते कळू दे.

मनुबाई : भावजी, शाबू हाय तो. शाबू कुठला असणार?

भावकू : तेच विचारतोय. आण्णाप्पा, हा शाबू कुठला?

आण्णाप्पा : सेलमचा. मद्रासकडचा.

भावकू : मद्रास चालतंय. टाका पिशवीत. आणि शेंगदाणे?

आण्णाप्पा : हुबळीचे.

भावकू : हं... चालतील.

आण्णाप्पा : चालतील? भावकूअण्णा, आषाढात तुम्ही माझ्या ह्याच पायरीवर उभारून म्हणालात, बेळगाव महाराष्ट्रात जाईपतोर हुबळीचा दाणा आमच्या घरात शिजायचा न्हाय! तुमच्यापायी मी कोल्हापूरचे आणून ठेवलतो. त्यात किडं पडलं.

भावकू : तेव्हाची गोष्ट वेगळी. आता पाकिस्ताननं लढाई लावली आहे. लढाई संपेपर्यंत हुबळी आपली.

आण्णाप्पा : बरं झालं. हुबळीला कळवतो.

भावकू : चेष्टा नको. स्वदेशी समितीचा अध्यक्ष म्हणून मी अनगोळातलं दुकान न् दुकान तपासतोय. आज संध्याकाळी चौकात परदेशी मालाची होळी आहे. ह्या डबीत काय?

आण्णाप्पा : हिंग. काबूलचा.

भावकू : म्हणजे परदेशी! काढ बाहेर.

आण्णाप्पा : परदेशी खरा, पर काबूल काय आपला शेजारी न्हाय. शेजाऱ्याचा शेजारी. आणि त्या दोघांचंबी आपसात पटत न्हाय म्हणतात. म्हंजे हिंग आपल्याच बाजूचा की.

भावकू : हे समितीपुढं ठेवावं लागेल.

आण्णाप्पा : ठेवा. आणि मनगटावरचं घड्याळबी ठेवा.

भावकू : ते मी गोव्याहून आणलंय.

आण्णाप्पा : गोव्यात ते जपानहून आलतं.

भावकू : गोवा आपला होऊन दहा वर्षं झाली, आण्णाप्पा. गोव्याबरोबर घड्याळही मुक्त झालं.

मनुबाई : तुमची दोघांची लढाई चालू दे. मला तेवढं शेंदेलोण दे बाबा, मी जाते. पाय लटपटायलेत.

आण्णाप्पा : बसा आक्का, त्या पोत्यावर बसा. अजून उपास चालूच?

मनुबाई : व्हय. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी लढाई लागली न्हवं, त्या सांजेपासनं. शामू घरला येईपतोर माझी चूल उपासाचीच.

भावकू : परवाच्या सभेत मी सांगितलं सगळ्यांना! आमचा पुतण्या पंजाबच्या सरहद्दीवर बंदूक रोखून उभा आणि इकडं आमच्या वैनी निरंकार!

मनुबाई : निरंकार कुठं? शाबू खाते की मी.

भावकू : भाषणात निरंकार बरं वाटतं. आणि आण्णाप्पा, हा साधासुधा उपास नव्हे. मी नेम घालून दिलाय. शत्रूच्या मातीतला कण जरी पोटात गेला तरी उपास मोडला. वैनींनी देव्हाऱ्यापुढं शब्द दिलाय. दिलाय ना, वैनी?

मनुबाई : शब्द कुठला? नुसती मान डोलवली मी.

भावकू : आण्णाप्पा, तुझा हात का थांबला? बघू ते मीठ. हे असं गुलाबी कसं?

आण्णाप्पा : लाजलंय. अध्यक्ष दारात आलेत न्हवं.

भावकू : उडवाउडवी नको. आमचे हेडमास्तर कालच सांगत होते. शेंदेलोण समुद्राचं नसतं, डोंगरातलं असतं, आणि तो डोंगर आहे लाहोरकडं. पासष्टच्या लढाईनंतर येणं बंद झालं, पण दुकानदारांनी जुना साठा दाबून ठेवलाय. खरं सांग. लाहोरचं निघालं तर पोतं आत्ताच्या आत्ता गटारात!

मनुबाई : आणि माझा उपास?

भावकू : मोडला म्हणायचा. आजवरचा सगळा वाया. नव्यानं धरायचा, आणि तोही अळणी.

आण्णाप्पा : अळणी? अहो, त्यांचा चेहरा बघा की! मिठाच्या खड्यावर तर उभारल्यात त्या.

भावकू : नियम म्हणजे नियम. बोल, कुठलं आहे?

आण्णाप्पा : हे व्हय? हे... खानापूरचं.

भावकू : खानापूरचं मीठ?

आण्णाप्पा : तर! खानापूरच्या पुढं रान लागतंय बघा, लोंढ्याच्या अलीकडं. तिथं एक गवा हाय. थोरला. दिवस मावळला की येऊन एकच दगड चाटायचा. त्याचा बाप त्योच दगड चाटायचा, आजाबी त्योच. घराण्याची चालच ती. चाटून चाटून डोंगराला भुयार पडलं. हा गवा तर चाटत चाटत आत शिरला, त्यो एक दिवस पलीकडं गोव्यात निघाला.

भावकू : गोव्यात? पोर्तुगीज असताना?

आण्णाप्पा : व्हय. त्यांनी परवाना मागितला म्हणं. मग गव्याची शिंगं बघितली आणि राहू दे म्हणाले.

भावकू : पण मिठाचं कसं कळलं?

आण्णाप्पा : रवळू म्हणून एक लाकडं वाहणारा गाडीवान. त्याला वाटलं, एवढं हे जनावर चाटतंय काय? त्यानंबी चाटून बघितलं.

भावकू : गव्याचं उष्टं?

आण्णाप्पा : दुसऱ्या बाजूनं. आणि अंगात अशी ताकद आली, अशी ताकद आली, की बैलं गाडीत बसवून स्वतः जू मानेवर घेतलं आणि गाडी थेट खानापूर स्टेशनात आणली. स्टेशनमास्तरनं बैलांचं तिकीट मागितलं.

भावकू : थापा! असं असतं तर पेपरात आलं नसतं?

आण्णाप्पा : हळू बोला. अहो, रात्री दिवा दिसू नये म्हणून तुम्हीच गल्लीभर काचांना काळे कागद चिकटवत फिरलात. आणि खाणीचा पत्ता पेपरात छापायचा? वरनं विमानं आली म्हंजे?

भावकू : अरे, खरंच की. म्हणजे हे मिलिटरीचं...

आण्णाप्पा : मी काय बोललो न्हाय.

भावकू : नाही, नाही, तू काहीच बोलला नाहीस. किती आहे तुझ्याकडं?

आण्णाप्पा : असंल अर्धं पोतं. का?

भावकू : सगळं समितीला दे. होळी पेटली की प्रत्येकाच्या तळहातावर एकेक खडा. आपल्या रानातलं मीठ! ते जिभेवर ठेवून शत्रूविरुद्ध शपथ घ्यायची.

आण्णाप्पा : ह्या मिठावर शपथ? अण्णा, शपथेला गूळ बरा की. कोल्हापूरचा देतो.

भावकू : गुळात कसला आलाय बाणेदारपणा! पहिला खडा मी खाणार. जागेचं नाव घेणार नाही, काळजी करू नको. गव्याचं तेवढं सांगू?

आण्णाप्पा : सांगा. गवा काय कुणाला कळवायला जात न्हाय.

(भावकू पोतं खांद्यावर टाकून जातो.)

मनुबाई : गेले?

आण्णाप्पा : कोपऱ्यावर पोचले. सायकलवाल्याला गवा सांगायलेत.

मनुबाई : माझं मीठ गेलं की रं त्यात.

आण्णाप्पा : न्हाय, न्हाय. तुमचं आधीच बाजूला काढलंय. हे बघा.

मनुबाई : लाहोरचंच हाय न्हवं?

आण्णाप्पा : आक्का, आत्ताच सांगितलं की, खानापूरच्या...

मनुबाई : माझं माहेर कुठलं, इसरलास व्हय? माझ्या बापाचा जन्म त्या रानात लाकडं तोडण्यात गेला. गवं चिखल चाटत होतं, आणि आम्ही मीठ बाजारातनंच आणत होतो.

आण्णाप्पा : मग भावजींच्या पुढं गप्प का बसलात?

मनुबाई : बोलले असते तर गटारात गेलं असतं.

आण्णाप्पा : पर नेम मोडतोय की. द्या ती पुडी हिकडं. मी थापाड्या खरा, पर शामूच्या उपासात माझी लबाडी नगं.

मनुबाई : ऱ्हाऊ दे. नेम भावजींचा हाय, उपास माझा. सुट्टीला आलता तवा शामू सांगत होता, तिकडं वारं सुटलं की पलीकडच्या मुलखातली धूळ येऊन ह्यांच्या ताटात बसती. भाकरी खाताना दातात कचकच. मी म्हटलं, मग काय करतोस रं? तर म्हणाला, खातो. पोरगं जे खातंय ते आईला बाधतंय व्हय? बांध पुडी.

आण्णाप्पा : बांधली. आणि आक्का, शामू आला की हे मिठाचं त्याला काय सांगायचं?

मनुबाई : गव्याचं सांग. ल्हान असताना तुझ्या थापा ऐकत ह्याच पायरीवर बसायचा, जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. गव्याची तेवढी त्यानं ऐकलेली न्हाय.

आण्णाप्पा : तिला अजून शेवट न्हाय, आक्का.

मनुबाई : नगंच करू. त्यो येईपतोर गवा गोव्यातच असू दे.