तव्यावरची भाकर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय न्यायाधीश, सत्कारमूर्ती प्रभाकरराव, वहिनी, वकील संघातील माझे बंधुभगिनी आणि सकाळच्या एसटीने तळेगावहून आलेली मंडळी, आपणा सर्वांना ज्योत्स्नाचा नमस्कार.

वकिलीतून निवृत्त होणाऱ्या प्रभाकररावांची स्तुती करायला मला बोलावलं, हा संघाचा विनोद आहे. मी आयुष्यभर त्यांच्या समोरच्या बाजूला उभी राहिले. पण माणूस खरा कोणाला दिसतो? समोरच्यालाच ना?

हा समारंभ आधी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ठरला होता. प्रभाकररावांनी तारीख बदलून मागितली. "त्या दिवशी माझे पक्षकार येत नाहीत," एवढंच म्हणाले. नव्या वकिलांना यातलं काही कळलं नाही, म्हणून सांगते.

गोष्ट शहाण्णव सालची. तळेगावच्या देवकाबाई, त्या बघा तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचा संत्र्याचा बगीचा आणि माझे पक्षकार मोतीलालजी यांचा बगीचा, यांच्यामध्ये एक विहीर. मोतीलालजी वर्ध्याला दुकान सांभाळायचे. ती विहीर आपल्या एकट्याची आहे, असा त्यांचा दावा होता. साक्षीची तारीख पडली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. त्या दिवशी कोर्ट चालू असेल, यावर अख्ख्या तळेगावात कोणाचा विश्वास बसणार? देवकाबाई गेल्या नाहीत. त्यांचे तेव्हाचे वकीलही गावचेच, ते नातवाचा नंदी सजवत बसले होते. कोर्ट मात्र चालू होतं. मी होते, मोतीलालजी होते. एकतर्फी निकाल आमच्या बाजूने लागला.

त्या वकिलांनी घाईघाईने वर्ध्याच्या वरच्या कोर्टात अपील ठोकलं. मग काम प्रभाकररावांकडे आलं. त्यांनी खालच्या कोर्टात वेगळा अर्ज दिला, की आमचं न ऐकता दिलेला निकाल रद्द करा आणि खटला नव्याने चालवा. तो अर्ज पडून होता आणि इकडे अपील सुनावणीला लागलं. मला तर आनंदच झाला. अपील फेटाळलं गेलं की पाणी बंद, आणि पाण्यावाचून त्या बाईंची झाडं वाळली असती.

पुकारा व्हायचा होता. व्हरांड्यात प्रभाकरराव हातात पुरसिस, म्हणजे अपील मागे घेत असल्याचा कागद, घेऊन उभे होते आणि देवकाबाई सही करायला तयार नव्हत्या. मी बाजूच्याच बाकावर होते, सगळं ऐकू येत होतं.

"मोठ्या सायबाले सोडून लहान्या सायबाकडं काऊन जाऊ मी?"

प्रभाकरराव शांतपणे म्हणाले, "बाई, इथं आज निकाल लागला, का खालच्या कोर्टाले आपला खटला पुन्हा चालवाची पावरच राहत नाई. आपणच अपील वापस घेतलं, तर राह्यते. इथले सायब कागद पाहतीन. त्या कागदात तुमचं बोलणंच नाई. लहाने सायब तुमाले आयकतीन."

बाई म्हणाल्या, "म्हंजे भाकर तव्यावर हाय तवरच उलथाची." आणि सही केली. तेवढ्यात पुकारा झाला, अपील मागे घेतलं गेलं, आणि माझं तयार भाषण पिशवीतच राहिलं.

खालच्या कोर्टाने खटला पुन्हा उघडला. मोतीलालजी पिंजऱ्यात आले. प्रभाकररावांनी कागदाला हातही लावला नाही. विचारलं, संत्र्याच्या आंबिया बहाराचं पहिलं पाणी सोडताना विहिरीला नारळ कोण फोडतं? मोतीलालजी देवभोळे, नारळाच्या बाबतीत खोटं कसं बोलतील? म्हणाले, "एक साल हम फोडते, एक साल देवकाबाई." मग स्वतःच हसले. त्याच आठवड्यात दोघांनी पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतल्या. हरूनही मला इतकं बरं पुन्हा कधी वाटलं नाही.

तेव्हापासून तान्ह्या पोळ्याची तारीख पडली, की ती बदलून मागायला आम्ही दोघेही उठून उभे राहतो. कोणाच्या बाजूने आहोत, याचा प्रश्न नसतो. आज बाहेर संत्र्यांच्या पेट्या आहेत, त्या देवकाबाईंच्या झाडांच्या. तळेगावहून आणल्या त्या मोतीलालजींच्या मेटॅडोरमधून.

प्रभाकरराव, आम्हाला तुमची फार आठवण येईल. समोरची खुर्ची रिकामी असेल तर मी भांडू कोणाशी?

संयोजकांचे आणि आपण सर्वांनी निमूट ऐकलंत त्याबद्दल आपले मनापासून आभार. काही वावगं बोलून गेले असेन, तर निदान माझी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका.

जाता जाता एकच. मघाशी दारात देवकाबाईंनी मला विचारलं, "वकीलसायब काम सोडून राह्यले म्हणते. निकाल लागला का, का अजून वापस घेता येते?"

मी त्यांना सांगितलं, हार अजून टेबलावरच आहे. अध्यक्ष महाराज, तो हार घालण्याआधी या बाईंचं म्हणणं एकदा ऐकून घ्यावं, एवढीच माझी विनंती.