व्हिएन्नाचं बारसं

मंडळी, नाव कुणाचं असतं हो? ठेवणाऱ्याचं, की ज्याला ठेवलं त्याचं? माना नुसत्या डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका!

कोल्हापुरात एक बारसं. पाळणा सजलाय, घुगऱ्यांचा वास सुटलाय, बायका नटूनथटून बसल्यात — आणि पाळण्याशी बाळाची आत्या उभी आहे, अस्मिता. पण पुढं वाकत नाही! का? अहो, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आणि इथं नावं दोन!

भाऊ धैर्यशील आणि भावजय केतकी म्हणतात — व्हिएन्ना! हसा, हसा! आमच्या गल्लीत एक मिलान आहे, एक सिएना आहे. परवा एक प्राग भेटला — शेंबूड पुसत होता! पण मंडळी, केतकीची कूस दोनदा रिकामी झालेली. नवरा कामासाठी सहा महिने व्हिएन्नाला, ही बरोबर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाळाचे ठोके ऐकवले. त्या गावाला ती माउली कशी विसरेल?

आणि आजोबा, बळवंतअण्णा? "माझ्या आईचं नाव ठेवायचं, भागीरथी! पोरीला कुणी गावाचं नाव ठेवतं होय?" सकाळीच त्यांनी लेकीला बाजूला घेऊन बजावलं — "अस्मिता, ते नाव तुझ्या तोंडून निघालं, तर तुला माहेर उरलं नाही!"

बाप रे! सासुरवाशिणीला याहून मोठी शिक्षा कोणती?

आत्या पाळण्यावर वाकली. बायका ओरडल्या, "कुर्रर्र —" आणि ती थांबली! केतकी पदराचं टोक पिळत होती. अण्णा दाराशी, पायांत वहाणा चढवलेल्या. 'व्हिएन्ना' कानावर पडलं, की चालते होणार!

अस्मिता सरळ झाली.

"अण्णा, माझं नाव काय?"

"हे काय भलतंच? अस्मिता!"

"तुम्ही काय ठेवलं होतं?"

अण्णांनी मान वळवली.

"द्वारका," तीच म्हणाली. "तुम्ही नि आई द्वारकेला जाऊन आलात, वर्षाच्या आत मी झाले, म्हणून. गावाचंच की, अण्णा! लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर दुसरं नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. तुम्ही पेढे वाटलेत! बावीस वर्षं झाली, माझ्या नावानं मला कुणी हाक मारली नाही — तुम्हीसुद्धा नाही."

अण्णा उंबऱ्याकडे वळले. आता? बाहेर पाऊल पडलं तर लेक कायमची गेली! मंडळी, श्वास रोखलात ना? त्या घरानंही रोखला होता.

अण्णांनी एक वहाण काढली. मग दुसरी. पाळण्यापाशी आले.

"द्वारके," म्हणाले, "सांग पोरीच्या कानात. तिच्या आईनं ठेवलंय तेच सांग."

ती वाकली — व्हिएन्ना! बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले म्हणता! ती रडत होती. म्हणे, धपाटे लागले! आणि म्हातारा पाळण्याची दोरी धरून गरजला, "हिच्या लग्नात कुणी तांदळाचं ताट पुढं केलं, तर लाथेनं उडवीन!"

मिळालं उत्तर? मग आता तुम्ही सांगा — तुमच्या बायकोचं माहेरचं नाव काय? ओ, खांबाला टेकलेले काका! बायकोकडे बघून हसू नका, सांगा! आठवत नाही? चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवताय!

देवाच्या नावाचा गजर आज जरा थांबेल. आधी तिला विचारा, आणि इथं, चारचौघांत, त्या नावानं तिला हाक मारा. तिनं 'ओ' दिली, की मी टाळ उचलतो.