ओव्हरलोडचा मेसेज

आमच्या वैशालीचं ऐका. महापेच्या डेटा सेंटरमध्ये ती सर्व्हरच्या रॅकला वीज पुरवणाऱ्या युनिटवर अलार्म सेट करत होती. चाचणीसाठी तिने मर्यादा मुद्दाम खाली आणली. 'लोड जास्त आहे, लगेच कमी करा' हा मेसेज साहेबांना जायचा, पण नंबरातला एक आकडा चुकला आणि तो गेला कळंबोलीच्या एका ट्रकवाल्याला. मेसेजखालच्या नंबरवर त्याचा फोन आला.

"मॅडम, गाडी पकडू नका. माल उतरवतोय."

ती काही सांगेपर्यंत फोन कट. गडबडून तिने मर्यादा परत वर नेली, तर दुसरा मेसेजही त्यालाच गेला, 'लोड नॉर्मल.' आम्ही खुर्च्या धरून हसतोय, तोवर पुन्हा फोन.

"मॅडम, चारच सळ्या उतरवल्या, तेवढ्यात नॉर्मल. काटा लय भारी हाय तुमचा. आमच्या बाकीच्या गाड्यांनापण लावून द्या."