त्याचे पन हात शाबूत न्हाईत

माझा जलम दर्याकाठचा. श्रीवर्धनाच्या खाली हरिहरेश्वराकडं जाताना जे कोळीवाडे लागतात, त्यातलाच येक आमचा. बापूस मासळी मारायचा, आय सुकवायची, आनि मी वाळूवर कावळे हाकीत मोठी झाले. लगीन झालं ते पन चार घरं टाकून पलीकडं. आमचे घरवाले तांडेल व्हते, म्हंजे होडीचं सुकानू त्यांच्या हाती, ते सांगतील तिथं जाळं पडायचं. नाव न्हाय घेत मी त्यांचं, बाप्तिस्मा झाला तरी ती सवय काय सुटली न्हाय.

येक दिस होडी लागली आनि ते उतरून घराकडं आले, तर मागं वाळूवर रगत सांडत आलेलं. दोरानं तळहात कापला व्हता, पार आतलं दिसंल येवढा, आनि त्यांना पत्ताच न्हाय. मी वरडले तवा त्यांनी हात वर करून बघितला, दुसऱ्या कुनाचा असल्यागत. मंग कानाच्या पाळ्या जाड झाल्या, भुवया झडल्या. काय सांगू तुमाला, त्या रोगाचं नाव कोन घेत न्हाय, पन कळतं समद्यांना. पंच बसले, गाव सोडा म्हनाले. धाकला दीर, सख्खा भाऊ त्यांचा, मान खाली घालून बसला व्हता. होडी त्याच्याकडं गेली, आनि आमी खाडीच्या तोंडाशी केवड्याच्या बनाआड माडाच्या झापाची खोपी बांधून ऱ्हायलो. मी, ते आनि आमची लेक सगुना, तवा लहानच व्हती, बापाच्या मांडीवर बसायला धावायची आनि मी तिला मागं वढायची.

तिथं येक उपदेशक यायला लागला, तरना, मुंबईचा. आमच्या खोपीत कोन पाय टाकत नव्हतं, त्यो आला, बसला, ह्ये मी इसरत न्हाय. त्यानं सांगितलं, प्रभूनं महारोग्याला हात लावला आनि त्यो बरा झाला, तुमी इस्वास ठेवा, तुमी बी व्हाल. बुडत्या मानसाला आनि काय पायजे. आमी तिघांनी खाडीतच बाप्तिस्मा घेतला. मंग रोज सकाळी उठले की मी आदी त्यांची बोटं बघायची. बोटं काय झडायची थांबली न्हाईत. शेवटी उपदेशक म्हनाला, तुमचा इस्वास कुठंतरी कमी पडतोय, आनि त्याचं येनं कमी व्हत व्हत बंद झालं. रोगानं न्हाय खचलं आमचं मानूस, त्या येका बोलानं खचलं. झापाकडं तोंड करून पडायचे. म्हनाले, देवानं बी पंचावानीच केलं.

मी पान्याला जायची ती दुरून, कुनाचा हंडा लागू नये अशी. तिथं बाया म्हनायच्या, तुमच्या देवाला सोताला खांबावरनं उतरता आलं न्हाय, त्यो तुमाला काय उतरवनार? मी हंडा उचलून निघायची. खरं सांगू, मला वाटायचं, बोलतात त्ये खोटं न्हाय.

मंग राहेलबाय आली. बायबलबाय, म्हंजे घरोघर बायबल सांगनारी, नगरकडची, तापाच्या साथीत नवरा आनि पोरं गेलेली. मी तिला दारातच सांगितलं, बरं करनार असशील तर बस, न्हायतर जा. ती म्हनाली, बरं व्हईल का न्हाय मला ठाव न्हाय बाय. आनि बसली की. पानी तापवायला लावलं, त्यांचे पाय मांडीवर घेतले, चिंध्या सोडवून धुतले. मला बघवंना. ते म्हनाले, बरं करनं न्हाय, मंग तुज्याकडं हाय तरी काय? ती म्हनाली, माज्याकडं क्रूसावरचा प्रभू हाय, त्याच्याबिगर कायच न्हाय. वेशीच्या भायेर नेऊन खिळ्यांनी टांगला त्याला.

ते उठून बसले. गावाभायेर? व्हय, म्हनाली, गावाभायेर.

त्या दिसापासनं ती आली की ते तेवढीच गोष्ट सांगायला लावायचे. प्रभू दर्यावर चालला ती नको म्हनायचे, तांडेल असून. टांगल्याचीच सांग.

येकदा मी अंगनात व्हते, तर त्यांनी चुलीवरचं मडकं हातानं उतरवलं. वास आला तवा मी धावले. कातडी मडक्याला चिकटलेली आनि ते शांत बसलेले. मी लई रडले. ते म्हनाले, रडू नकोस. माझं दुखनं मला कळत न्हाय, म्हंजे कुनाला तरी कळतच असंल. त्याचे पन हात शाबूत न्हाईत.

आता तुमी म्हनाल, बायला धीर आला. त्यांना आला, मला न्हाय. मी मनातनं प्रभूसंगं भांडायची, दुखनं घेतोस तर रोग का घेत न्हाईस. राहेलबायला बोलून दाखवलं. ती म्हनाली, माझ्या पोरांच्या वक्ताला मी बी ह्येच इचारलं व्हतं, अजून इचारते.

सगुनाला रोग लागंल म्हनून राहेलबायनं तिला मिशनच्या बोर्डिंगात नेलं. पोर शिडाच्या मचव्यात बसली तवा ते केवड्याआड उभे व्हते, पोरीनं बघू नये म्हनून. मंग बापलेकीची भेट न्हाय झाली.

ते गेले तवा पाऊस व्हता. वाळूत खड्डा खनायला मी आनि राहेलबाय दोघीच, आनि वाळू परत परत आत यायची. तवा दीर आला. कुदळ घेतली, खनायला लागला. खनून झालं, तर भावाला त्यानंच उचलून आत ठेवला, सोताच्या हातानं. क्रूसाला लाकूड नव्हतं, त्यानं होडीतलं वल्हं आनून गुडघ्यावर मोडलं आनि दिलं मला. मंग दर्यात जाऊन आंघोळ केली आनि मागं न बघता गेला. मी त्या वल्ह्याला धरून बसले, आनि पैल्यांदा माझं भांडन थांबलं. जबाब मिळाला म्हनून न्हाय. कोनतरी माझ्यासंगं भायेर बसलंय असं वाटलं, येवढंच.

ते बी रोज वाटतं असं न्हाय. सगुनाचं लगीन नगरकडं झालं, नवरा शाळामास्तर हाय. सासरी तिनं सांगितलंय, बाप तुफानात बुडाला. येकदा आली व्हती, दारातच उभी ऱ्हायली. म्हनाली, आय, तू तिकडं येऊ नकोस. मी म्हनले, न्हाय येत. तिला लेक झालाय असं ऐकते. कवाकवा लई जीव तुटतो, मंग मी राहेलबायनं शिकवलं तसं करते, ह्ये बी प्रभूच्या पायाशी नेऊन ठेवते, आनि दुसऱ्या दिशी परत उचलून आनते.

राहेलबाय आता ऱ्हायली न्हाय. गावांनी भायेर काढलेली दोघं-तिघं मानसं हितं येऊन ऱ्हायल्यात, त्यांचे पाय मी धुते. बरं व्हशील असं कुनाला सांगत न्हाय.

तुमी लिवताय त्ये लिवा, पन गावाचं नाव नको, आनि पोरीचं बदला. कुनी इचारलं तर सांगा, तांडेल दर्यात गेला. तिचा संसार सुखात ऱ्हावो. जा आता, भरती लागायच्या आत खाडी उतरा, प्रभू तुमाला संबाळो.