एक मत बाजूने, एक मत विरोधात

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा ॲडव्होकेट सुविधाताई, व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या भागातल्या मंडपवाल्यांचे ज्येष्ठ मारुतीराव, ‘सावलीघर मंडप प्रायव्हेट लिमिटेड’च्या नव्या संचालिका कुमारी मैत्री, तिचे वडील आणि माझे माजी भागीदार, माजी अर्जदार, माजी प्रतिवादी प्रेमानंद कांबळे, समोर बसलेली आपली सगळी कामगार मंडळी, वडगावातले शेजारी, निपाणीहून वाट वाकडी करून आलेले पाहुणे, आणि मागे उभे राहून जेवण कधी याची चौकशी करणारे माझे नातेवाईक, सर्वांना नमस्कार, जय भीम आणि आमच्या कन्नड मित्रांना नमस्काररी.

रिवाजाप्रमाणे सत्कारमूर्तीने शेवटी बोलायचं असतं. मी हट्टाने आधी माईक मागून घेतला. कारण नंतरची मंडळी माझ्याविषयी चांगलं बोलणार, आणि चार चांगले शब्द ऐकले की रवळू देसूरकर नावाच्या माणसाला पुन्हा वाटायला लागतं की आपल्यावाचून जगाचं अडतं. या एका गैरसमजापायी आम्ही चार वर्षं बेंगळुरूच्या वाऱ्या केल्या आहेत. आता तिकीट काढायची ताकद नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. प्रेमानंद निपाणीचा, पाईपवाला. मी येळ्ळूरचा, कापडवाला. त्याने सांगाडा उभा करायचा, मी छत ताणायचं, कनाती लावायच्या, झालर सोडायची. त्याला सुई धरता येत नाही आणि मला साधा क्लॅम्प आवळता येत नाही. अशा दोन अर्ध्या माणसांनी मिळून एक धंदा काढला. पुढे तो वाढला, तेव्हा आम्ही त्याची कंपनी केली. का केली? कुणाला वाटेल कराचा विचार असेल, बँकेचा असेल. नाही हो. टेम्पोवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिलेलं छान दिसतं म्हणून केली. शिवाय मला कार्डावर ‘संचालक’ छापून घ्यायचं होतं. ती कार्डं मी भाजीवालीलासुद्धा दिली आहेत.

कागद करताना टिळकवाडीतल्या आमच्या सी.ए. साहेबांनी बजावलं होतं की दोघांचे शेअर अगदी समसमान ठेवू नका, एकाचा एक तरी जास्त असू दे, उद्या मतभेद झाला तर निर्णय व्हायला हवा. आम्हाला राग आला. आमच्यात कमीजास्त? भावाभावांत नसेल असं प्रेम आमचं. आम्ही त्यांच्यासमोर छाती काढून सांगितलं की निम्मे-निम्मे म्हणजे निम्मे-निम्मे. त्यांनी चष्मा पुसला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. इतक्या प्रेमाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी जोडी त्यांनी आधी पाहिली नसावी.

मतभेद झालाच. प्रेमानंदला ॲल्युमिनियमचे तयार सांगाडे घ्यायचे होते, वर प्लास्टिकचं छत, आत गारेगार हवा. मोठ्या लग्नांना हल्ली तेच लागतं, हे मला दिसत होतं. पण त्यात कापड नव्हतं. कापड नाही म्हणजे मी नाही, असा हिशेब मी मनात मांडला आणि तोंडाने मात्र परंपरा, संस्कृती, हवा खेळती राहणे अशा विषयांवर बोललो. संचालक मंडळाची रीतसर सभा झाली. ठरावाच्या बाजूने एक मत, विरोधात एक मत. चहा घेतला. पुन्हा मतदान. बाजूने एक, विरोधात एक. मग अध्यक्षाने निर्णायक मत द्यावं असं ठरलं, तर अध्यक्ष कोण यावर मतदान झालं. त्याचाही निकाल तुम्ही ओळखला असेल.

मी कंपनी न्यायाधिकरणात अर्ज केला की प्रेमानंद माझ्यावर दडपशाही करतो. त्याने अर्ज केला की दडपशाही मी करतो. दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले तर नावं सोडून फरक सापडत नव्हता. तारखेला आम्ही एकाच गाडीने जायचो, कारण बेंगळुरूला सोयीची गाडी एकच. माझे गुडघे दुखतात म्हणून खालचा बर्थ तो मला द्यायचा आणि सकाळी कोर्टात त्याचे वकील सांगायचे की मी त्याची जागा बळकावतो. माझी बायको अक्काताई दोघांपुरत्या भाकऱ्या बांधून द्यायची. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाली, “भांडायचं ते भांडा, पण उपाशी पोटी नको.” न्यायालयात तिची बाजू कुणी मांडली नाही, नाहीतर पहिल्याच तारखेला निकाल लागला असता.

मध्यंतरी हुकूम झाला की निकाल लागेपर्यंत दोघांच्या सह्या असल्याशिवाय गोदामातला एकही पाईप, एकही कनात बाहेर काढायची नाही. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरींच्या सह्या वकिलांमार्फत व्हायच्या. गाडं कण्हत-कुथत चालत होतं. कामगारांची तोंडं उतरलेली. यातले निम्मे लोक त्या काळात दुसरीकडे काम बघत होते. कंपनी बंद करून सामान विकून टाकावं, अशी भाषा कोर्टात सुरू झाली होती. मला झोप लागत नव्हती, पण मिशीला पीळ देणं थांबलं नव्हतं.

अशात माझ्या सौम्याचं लग्न ठरलं.

मंडपवाल्याच्या मुलीचं लग्न. वडगावात गोदाम भरून सामान पडलेलं. फक्त प्रेमानंदची एक सही हवी होती. वकिलामार्फत घरचं लग्न मागायला लाज वाटत होती आणि तोंडाने मागायला अभिमान आडवा येत होता. अक्काताई म्हणाली फोन कर. सौम्या म्हणाली फोन करा. मी म्हणालो, त्याला कळत नाही का, त्याने स्वतःहून पाठवावी. नंतर कळलं, तिकडे निपाणीत हा मनुष्य कोऱ्या कागदावर सही करून बसला होता, आणि मैत्रीला सांगत होता की रवळूने एकदा मागितली की लगेच पाठवतो. मी मागितली नाही, त्याने पाठवली नाही. शेवटी मी दुसऱ्या एका मंडपवाल्याला काम दिलं. नाव घेत नाही. बिचाऱ्याचा काही दोष नाही, तो आपल्या पद्धतीने काम करतो, आणि त्या पद्धतीबद्दल मी एवढंच म्हणेन की वारा नसेल तर ती चालते.

त्या दिवशी वारा होता.

आमंत्रण अक्काताईने पाठवलं होतं, म्हणून प्रेमानंद आला. नवा सूट, बूट, हातात आहेराचं पाकीट. आत शिरला आणि त्याने नवरीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही, वर पाहिलं. छताला पोट सुटलं होतं आणि बोहल्यामागचा खांब कलला होता. मी व्याह्यांच्या स्वागतात होतो. वळून बघतो तर प्रतिवादी बूट काढून शिडीवर.

मी फेटा सावरत धावलो. म्हटलं, “प्रेमानंद, खाली उतर. कोर्टाचा हुकूम हाय.”

तो वरूनच म्हणाला, “हुकूम आपल्या मंडपावर हाय रं. ह्यो दुसऱ्याचा हाय. गप पाईप धर.”

कायद्याचं इतकं स्वच्छ विवेचन मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. मी पाईप धरला. त्याने क्लॅम्प आवळले, मग मी दुसऱ्या शिडीवर चढून छत ओढून बांधलं. खाली भटजी घड्याळ दाखवत होते. सौम्याच्या अल्बममध्ये तिच्या वडिलांचा एक फोटो आहे, त्यात नुसते पाय आहेत. मी उतरलो तेव्हा प्रेमानंदच्या सुटाची बाही फाटली होती आणि तो हसत होता. मला मात्र रडू आलं. लोकांना वाटलं मुलीसाठी रडतोय. मी वाटू दिलं.

त्याच पंगतीला सुविधाताई होत्या, अक्काताईने त्यांनाही बोलावलं होतं. त्या प्रेमानंदच्या वकील, म्हणजे तोवर माझ्या नजरेत जगातल्या सर्वांत वाईट बाई. त्यांनी पुढच्याच आठवड्यात आम्हाला मध्यस्थीला बसवलं. आणि काय सांगू, आम्ही तिथेही भांडलो. इतके दिवस ‘कंपनी माझी’ म्हणून भांडत होतो, आता ‘कंपनी तू घे’ म्हणून भांडायला लागलो. बाजूने एक मत, विरोधात एक मत. ताईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे विचारलं की तुमच्यानंतर ही कंपनी कोण चालवणार? सौम्या खानापुरात शाळेवर शिकवते, तिला यात गोडी नाही. प्रेमानंदने सोबत आलेल्या मैत्रीकडे बघितलं. मैत्री शिकलेली आहे, इंजिनिअर आहे, आणि खांब सरळ आहे की नाही हे तिला बापासारखं डोळ्यांनी कळतं. चार वर्षांत न सुटलेली गोष्ट एवढ्यात सुटली. मी माझे शेअर तिच्या नावे करून दिले. सामान विकायला निघालं नाही, कामगार गेले नाहीत, टेम्पोवरची पाटी आहे तशी राहिली. मंडळी, मी हरलो असं कुणी म्हणत असेल तर त्याने मला भाजीवालीकडे भेटावं.

करारनाम्यात सुविधाताईंनी एक कलम घातलं आहे, की निवृत्त संचालक कंपनीच्या कामकाजात कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप करणार नाही. मी हसत हसत सही केली. घरी गेल्यावर लक्षात आलं की मग सकाळी उठून जायचं कुठे? मला दुसरं काही येत नाही. खोटं कशाला बोलू, गेले काही दिवस मला त्याची भीती वाटते.

असो. सुविधाताईंचे आभार, त्यांच्या फीचेही आभार, कारण ती बघूनच आम्ही लवकर शहाणे झालो. कामगारांनो, तुम्ही टिकून राहिलात, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही. मैत्री, तुला आशीर्वाद. बोलण्याच्या ओघात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाला शब्द टोचला असेल, तर म्हाताऱ्याचा दिवस समजून पदरात घ्या.

आणि आता, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून, प्रेमानंदला एक गोष्ट मागायची आहे. आजवर मी त्याच्याकडे काही मागितलं नाही, तोंडाने तर कधीच नाही, म्हणून या सगळ्यांसमोर मागतो. प्रेमानंद, उद्या सकाळी मी गोदामावर येऊ काय? हस्तक्षेप करणार न्हाय. नुसता बसंन.