स्थलांतर

काकू : पुन्हा वाच. मशीनच्या आवाजात शेवटचं ऐकू आलं नाही.

हेडमास्तर : ‘आपली शाळा प्रथम एका गोठ्यात भरत असे. पुढे दोन पक्क्या खोल्या झाल्या. कालांतराने शाळेचे स्थलांतर झाले.’

काकू : पक्क्या म्हणे. आणि स्थलांतर पाखरांचं होतं रे. शाळा पडली. मुलं पाढे म्हणत होती तेव्हा पडली.

हेडमास्तर : काकू, उद्या नव्या खोल्यांचं उद्घाटन. मी शाळेचा इतिहास वाचायचा, एवढंच. अध्यक्ष म्हणाले, चांगल्या दिवशी पडझड नको.

काकू : म्हणणारच. भिंत त्यांच्या बापानं बांधली. भेग पडली तर वरून चुना फासला. गुरुजी सांगून सांगून थकले, पण ऐकतो कोण?

हेडमास्तर : आता ते उकरून काय मिळणार? माझी बदली तेवढी होईल. आई अंथरुणाला खिळलेली, तिला घेऊन कुठे जाऊ?

काकू : तुझी आई आणि मी, दोघी मिळून ढिगारा उपसत होतो. मग तू बाहेर दिसलास, शिक्षा म्हणून कुंपणापाशी उभा केलेला. ती तुला पोटाशी धरून रडायला लागली. मी उपसत राहिले.

हेडमास्तर : आई अजून सांगते ते.

काकू : सगळं नसेल सांगत. पाढा चुकलास म्हणून तुला बाहेर काढलं. भिंतीकडची तुझी जागा रिकामी झाली. तिथे गार लागायचं, म्हणून माझी ठमी सरकली तिकडे.

हेडमास्तर : माहीत आहे मला. मी कुंपणापासून उघड्या दारातून बघत होतो.

काकू : तुला बोल लावत नाही मी. तू वाचलास, बरंच झालं. पण माझी पोर त्या भिंतीखाली गेली, आणि उद्या अख्ख्या गावासमोर तू म्हणणार, स्थलांतर झालं. जीव जळतो रे. घे, पाटीवरचा पडदा शिवून झालाय. जा घेऊन.

(हेडमास्तर उठत नाही. खिशातून पेन काढून कागदावर काहीतरी खोडतो.)

हेडमास्तर : ऐका. ‘भिंत कोसळली आणि दुसरीतली एक मुलगी गेली. तिचे नाव…’ काकू, तिचं खरं नाव काय होतं? आम्ही ठमीच म्हणायचो.

काकू : ठमीच वाच. खऱ्या नावानं हाक मारलीस, तर ओ द्यायची नाही ती.