काटा जागेवर होता

...अहो, पण काटा जागेवर होता ना! तेच तर सांगतोय मी तुम्हाला! हलला असता, थरथरला असता, लाजेकाजेस्तव एखादी रेघ खाली आला असता, तर एस्पेरांसा टीचरना आधी कळलं असतं... पण नाही! सिलिंडरच्या डोक्यावरच्या त्या गोल डबीत काटा कसा, तर ताठ! पाहुण्यासारखा!

टीचर म्हणजे आमच्या शेजारच्या. अर्धं मालवण त्यांच्या हाताखालून गेलंय. नवरा प्लासिद, जन्मभर जहाजाच्या इंजिनात घाम गाळून घरी आला आणि केलं काय? काचेच्या टाकीत बाग लावली! पाण्याखाली! मासे आपले नावाला, खरी माया झाडांवर. लोक हसायचे, 'पुढ्यात अख्खो दर्यो आसा आणि ह्यो घरात पाणी भरून बसलो!' टीचर तर टाकीकडे बघायच्याही नाहीत. 'ती तुजी खरी बायल,' म्हणायच्या. आणि त्या बायलेचे लाड किती? पाण्यातल्या झाडांना म्हणे गॅस भरवावा लागतो, आपल्या सोडावॉटरमध्ये असतो तोच. त्यासाठी सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, मग बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला पाण्यात एक चकती, तिच्यातून पिठासारखे बुडबुडे. शिवाय टाकीत एक एवढीशी काचेची कुपी. गॅस पुरला की आतलं पाणी हिरवं, कमी पडला की निळं. म्हणजे आजारीही पडायचं आणि रंगाने सांगायचंही!

मग गणपतीनंतर प्लासिद गेला.

आणि तुम्हाला सांगतो, ज्या बाईने कधी टाकीला बोट लावलं नव्हतं, ती सकाळी उठून आधी झाडांचा गॅस बघायची, मग स्वतःचा चहा. चाललं होतं बरं. पण नाताळ झाला आणि पानं पिवळी पडायला लागली. मग भोकं. मग ओल्या कागदासारखी विरायलाच लागली हो! कुपी निळी! टीचर घाबऱ्या. काटा बघतात तर... जागेवर!

मग काय, सल्लागार! आपल्याकडे माणूस मेल्यावर येत नाहीत इतके लोक झाड मरताना येतात. विमलाकाकी म्हणते, 'शेणखत घाल गो थोडा.' टाकीत! शेणखत! मग तोंडवलीचा धनेश आला, पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतो तो. 'टीचर, आमी माणसांका पाण्याखाली हवा देताव, तुमच्या झाडांचा काय घेवन बसलात!' सिलिंडरच्या तोंडाला साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. 'गळणा नाय. काटो जाग्यार आसा मा? मगे गॅस आसा!' चहा प्यायला, गेला. टीचरनी चकती काढली, घासली, भिजवली, परत लावली. कुपी निळी! आणि काटा? विचारूच नका.

आणि एके सकाळी बघतात तर काटा शून्यावर. आदल्या संध्याकाळी ताठ, सकाळी आडवा! कोल्हापूरच्या दुकानात फोन लावला, प्लासिद सामान तिथूनच आणायचा. तिथली नम्रता मोठी गोड मुलगी. 'मॅडम, सिलिंडरात गॅस पातळ असतोय बघा. शेवटचा थेंब असेपर्यंत काटा हलतच नाही. थेंब संपला की एकदम खाली.'

'म्हणजे आधी काहीच कळत नाही?'

'काहीच नाही मॅडम.'

अहो, गेला त्या दिवशी प्लासिद बाजारातून बांगडे घेऊन आला होता, कोळणीशी थट्टा करून. डॉक्टरने त्याच आठवड्यात पाठ थोपटलेली. चहा प्यायला, झाडं कापायला कात्री घेऊन टाकीशी बसला, आणि बसल्या बसल्या...

टीचर फोनवर म्हणाल्या, 'तेचा पण तसाच झाला गो.'

'कुणाचं मॅडम? रेग्युलेटरचं का?'

टीचर म्हणाल्या, 'व्हय. रेग्युलेटरचा.'

पदर डोळ्याला लावला, आणि उठल्या. सिलिंडर भरायला कुडाळला! तान्हं बाळ घ्यावं तसा मांडीवर घेऊन एसटीत! कंडक्टर ओंकार ओरडला, 'टीचर, गॅसचो सिलिंडर एसटीत चालणा नाय!' टीचर म्हणाल्या, 'रे, ह्यो पेटणारो नाय, आग विझवणारो! सातवीत शिकवलेलंय मां तुका? विसारलंस?' ओंकार तिकीट फाडू लागला.

भरून आणला. नम्रताने सांगितलं होतं, फेस नुसता वर नको, अख्ख्या नळीला लावा. लावत लावत गेल्या, तर टाकीखाली, नळी वळते तिथे, फेस टरारून फुगला! नळी कडक होऊन चिरलेली. इतके दिवस सगळा गॅस तिथून घरभर! म्हणजे झाडं उपाशी, आणि टीचर मात्र त्यात श्वास घेत बसलेल्या. तेवढा तुकडा कापून टाकला, प्लासिदच्याच कात्रीने.

दुपार कलताना कुपी हिरवी झाली. आणि मग उरल्यासुरल्या पानांवर बारीक बारीक मोती धरायला लागले, झाडं श्वास सोडतात ना, ते. टीचर हरखल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जोरात हाक मारली, 'प्लासिद! येऽ रे, बघ!'

मी कुंपणापाशी होतो. मला ऐकू आली. त्यांनाही आली असणार, कारण पाठोपाठ स्वयंपाकघराचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

संध्याकाळी कॅनडाहून लेकीचा, डेलिशाचा फोन. 'मम्मी, झाडं वाचली ना? मग आता दे ती टाकी कुणाला तरी, आणि ये इकडे माझ्याकडे.'

टीचर म्हणाल्या, 'येतंय गो. झाडां जरा वाढांदेत.'

आता तुम्हाला सांगतो, ती झाडं वाढली की कापावी लागतात, आणि कापली की दुप्पट वाढतात. डेलिशाला हे कोणी सांगायचं?